खळीच्या मुंग्या

८ एप्रिल

चि. बबडी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी फिरकी काल सुखरूप पोचली. तुझ्या यजमानांनी, आमच्या दिवेवाल्यांनी, तिला दारात उतरवलं, पिशवी माझ्या हातात दिली आणि चहासुद्धा न घेता नाटकाच्या गाडीमागे पळाले. मी तिला हौसेने कडेवर घ्यायला गेले तर कंबर धरली. सात वर्षांची पोर आणि वजन शब्दकोशाएवढं. तुझ्या हातचं खाणं अंगी लागतं, हे मान्य करते.

इथे घराचा नुसता बाजार झालाय. सुट्टीत ग्रंथालयं बंद असतात म्हणून सगळे पुस्तकं बांधणीला पाठवतात. आमच्या कामाचे हेच दिवस, आणि तुझ्या भाऊजींनी नेमकं याच उन्हाळ्यात कारखान्याचं छप्पर काढायला दिलं. त्यामुळे दाबयंत्र जेवणघरात आलंय. कोशांचे खंड पलंगावर झोपतात आणि आम्ही जमिनीवर. पिठाची खळ स्वयंपाकाच्या शेगडीवर शिजते. परवा आमच्या ढोल्याने ती जेवण समजून ताटात वाढून घेतली आणि पुन्हा मागितली नाही, एवढंच म्हणाला की आज मीठ कमी आहे.

फिरकी आल्यापासून पुस्तकांच्या ढिगांवर किल्ले करून बसते. ढोल्या तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, पण हुकूम तिचेच चालतात. तू काळजी करू नकोस. करशीलच, पण थोडी कमी कर.

माया आहेच, पत्रांना उशीर झाला म्हणून ती आटू देऊ नकोस.
तुझी,
ताई


१९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आठवड्याच्या बोटीने आलं. मी ते तीनदा वाचलं आणि नंतर दीपगृहवाल्यांनाही वाचून दाखवलं, कारण त्यांना कुणाचंच पत्र आलं नव्हतं. मीठ कमी आहे यावर ते अजून हसतायत.

बेट म्हणजे एक टेकाड, एक दीपगृह आणि आमचं हवामान केंद्र. तिघंजण आणि पुष्कळ वारा. वारा किती, ऊन किती, दाब किती, ते ठरल्या वेळी वाचायचं आणि बिनतारी यंत्रावरून कचेरीला कळवायचं. इतकी वर्षं कचेरीत बसून मी दुसऱ्यांनी पाठवलेले आकडे तपासले. आता मी पाठवते आणि दुसरं कुणी तपासतं. ताई, मला इथे फार बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणून अपराधी वाटतं. लेकीला बहिणीकडे टाकून वारा मोजायला आलेली आई, असं कुणी म्हटलं तर काय उत्तर देऊ?

तू मात्र माझ्या मुलीपायी स्वतःला तासत बसू नकोस. शाळेत खडूची पेटी हरवली तेव्हा तू बाईंकडे जाऊन सांगितलं होतंस की कदाचित मीच नेली असेन, आठवत नाही. तुझ्यामुळे सगळ्या वर्गाचा तास बुडाला होता आणि पेटी बाईंच्याच कपाटात निघाली होती.

फिरकीला पापा. ढोल्याला मीठ.
लोभ आहे तसाच राहू दे, वाढला तर मला पेलायचा नाही.
तुझी,
बबडी


१० मे

चि. बबडी हिस,
अनेक आशीर्वाद.

छपराचे लोक आले, पत्रे काढले, आणि गायब झाले. म्हणजे आता कारखान्याला जुनं छप्पर नाही आणि नवंही नाही. भाऊजी रोज जाऊन आकाश बघून येतात.

उकाडा भयंकर आहे. पण तुझी लेक शहाणी. ढोल्याच्या मागे पाण्याचा पेला घेऊन धावावं लागतं, ही मात्र आपणहून पिते. पेल्यामागून पेला. मी तिचं उदाहरण ढोल्याला देते, तर तो तिला टाकी म्हणायला लागलाय. उंचीही झपाट्याने वाढतेय, त्यामुळे अंगाने थोडी सुकल्यासारखी दिसते. फ्रॉक खांद्यावरून घसरतात. खाते मात्र भरपूर.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. गेल्या आठवड्यात दोनदा तिने गादी ओली केली. बिचारीने चादर स्वतःच काढून पुस्तकांमागे लपवली होती. मी तिला काही बोलले नाही. निजताना पाणी देणं बंद केलं, तर इतकी रडली की शेवटी दिलंच. तिला तुझी आठवण येत असेल. जरा चिडचिडही करते. किल्ल्यावरून हुकूम सोडायचे सोडून तिथेच पेंगते.

आणि आमच्यावर मुंग्यांनी स्वारी केलीय. खळ घरात आली तशा त्याही येणारच. बांधणीवाल्याच्या घरात मुंगी दिसली की आम्हाला घाम फुटतो, कारण त्या आणि झुरळं मिळून पुस्तकांचे पुठ्ठे खातात. खळीच्या पातेल्याखाली पाण्याची ताटली ठेवली, जमीन पुसली, तरी न्हाणीघरात त्यांची ओळ लागलेलीच. शेवटी भाऊजींनी खळीत मोरचूद घातलं. ते निळं औषध विषारी असतं, म्हणून मी पातेलं फळीवर अगदी वर ठेवते आणि दोघांनाही हात न लावण्याची शपथ घातलीय.

बाकी सगळं ठीक. ठीक लिहिताना मी दोनदा विचार केला, पण ठीकच आहे.

माया कमी करू नकोस.
तुझी,
ताई


१६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र घाईत लिहिते, बोट उभी आहे.

मी इथे दिवसभर एवढंच करते की जे दिसलं ते लिहिते. ते का झालं हे लिहायची मला परवानगी नाही, ते कचेरीने ठरवायचं. तू उलट आहेस. तुला काही दिसलं की तू लगेच त्याच्या शेजारी कारण बसवतेस. पाणी पिते, उकाडा आहे. सुकली, उंची वाढली. गादी ओली झाली, आईची आठवण आली. मुंग्या आल्या, खळ आहे.

मी तुझं पत्र कारणं वगळून वाचलं, आणि मला ते आवडलं नाही. आणि ताई, खळ जेवणघरात आहे. मग मुंग्या न्हाणीघरात कशाला जातात?

मला काही कळत नाही. कदाचित इथल्या वाऱ्याने माझं डोकं फिरलं असेल. पण तिला एकदा डॉक्टरांना दाखव. उद्यावर टाकू नकोस.

तुझी,
बबडी


२१ मे

चि. बबडी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज दुपारी आलं. तुला कचेरीकडून संदेश मिळाला असेल की फिरकी रुग्णालयात आहे आणि धोका टळला. धोका टळला हे शब्द माझे नाहीत, डॉक्टरबाईंचे आहेत. माझे असते तर तू विश्वास ठेवू नये असंच मी म्हटलं असतं. ती आता बसते, बोलते, आणि तिची कागदाची फिरकी ढोल्याने फिरवली तर बघून घेईन असा तिने निरोप पाठवलाय. हे आधी सांगितलं. आता पहिल्यापासून सांगते.

सोमवारी सकाळी तिला उलट्या झाल्या. पोट दुखतं म्हणाली. मला वाटलं उन्हाने. जेवणाच्या वेळेला उठवायला गेले तर ती खंडांच्या ढिगाला टेकून निजलेली, डोळे अर्धे उघडे, आणि श्वास असा की कुणी जिना धावत चढून आलंय. तोंडाला फार पिकून गेलेल्या फळासारखा वास. मी फळीकडे पाहिलं, पातेलं जागेवर होतं. तरी माझ्या मनात एकच आलं. मोरचूद. आपल्या घरात आपण विष कालवून ठेवलं आणि लेकराने ते खाल्लं.

भाऊजी खळीने माखलेल्या हातांनीच तिला उचलून धावले. पुस्तकं न्यायला आलेल्या गाडीत आम्ही बसलो. रुग्णालयात शिरल्यापासून मी जो भेटेल त्याला सांगत सुटले की हिच्या पोटात मोरचूद गेलंय आणि ते माझ्यामुळे. दरवानाला सांगितलं, चिठ्ठी फाडणाऱ्याला सांगितलं. इतक्या खात्रीने सांगितलं की तरुण डॉक्टरांनी पोट धुवायच्या नळ्या मागवल्या.

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी विचारलं की तिला खाताना पाहिलंत का. मी नाही म्हटलं. उलटी निळी-हिरवी होती का. नाही. मग मोरचूद कशावरून. मी म्हटलं, दुसरं काय असणार? त्यांनी माझ्याकडे फार वेळ पाहिलं नाही. खाली वाकून फिरकीच्या तोंडाचा वास घेतला, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब यंत्रावर ठेवला. साखर इतकी होती की यंत्राने आकडाच दाखवला नाही. नळ्या परत गेल्या.

मग त्या हाताने सलाईन लावून घेत होत्या आणि तोंडाने मला प्रश्न विचारत होत्या. पाणी फार पिते? हो. सारखी लघवीला जाते? हो. वजन उतरलं? हो. गादी? हो. आणि शेवटी अगदी सहज विचारलं की न्हाणीघरात मुंग्या होतात का. मी म्हणाले, होतात, पण त्या खळीला येतात. बबडे, बोलता बोलता माझाच आवाज माझ्या कानावर पडला. मी तिथेच खाली बसले.

हा लहान मुलांना होतो तो मधुमेह. शरीर इन्सुलिन बनवायचं थांबतं, आणि मग साखर रक्तात साचते आणि लघवीतून जाते. मुंग्यांना ते आमच्या आधी कळलं. कुणाच्या खाण्यापिण्याने, लाडाने किंवा हलगर्जीपणाने हा होत नाही, असं डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. इन्सुलिनची इंजेक्शनं आता रोज, कायमची. ती शाळेत जाईल, धावेल, भांडेल, मोठी होईल. फक्त आपण सगळ्यांनी शिकायचं.

त्या आणखी एक म्हणाल्या. म्हणाल्या, तुम्ही खोटं बोलला नाहीत, पण तुम्हाला स्वतःचा गुन्हा सापडला की तुम्ही पुढे बघायचं थांबवता. चार मिनिटं आम्हालाही थांबवलंत. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. खडूची पेटी आठवली.

तुझे दिवेवाले दौरा सोडून आले आहेत. इथल्या परिचारिका मला इंजेक्शन द्यायला शिकवताहेत. आधी उशीवर दिलं, मग भाऊजींच्या दंडावर नुसत्या पाण्याचं. भाऊजी म्हणाले पुस्तक शिवतेस तसंच दे. काल फिरकीला दिलं.

तुझी माफी मागायची का, हे मला ठरवता येत नाही. मागितली तर तुला असू दे ताई म्हणावं लागेल, आणि तेही तुझ्यावर लादल्यासारखं होईल. म्हणून मागत नाही. पण ती मागायची राहिली आहे, एवढं तुझ्याकडे ठेव.

तुझी,
ताई


२६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

समुद्र खवळलाय. बोट येत नाही. वाऱ्याचे आकडे मीच पाठवते, म्हणजे बोट येणार नाही हेही मीच कचेरीला कळवते.

संदेश मिळाला त्या दिवशी मी तुला एक पत्र लिहिलं होतं. बोट आली असती तर ते तुला मिळालं असतं. बोट आली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वाचलं आणि फाडलं. त्यात काय होतं ते विचारू नकोस, तुला न विचारताही कळेल. काल वारा तासभर पडला तेव्हा दीपगृहवाल्यांच्या होडीतून डाक तेवढी आली, माणूस न्यायला ते तयार नाहीत, आणि तुझं पत्र मिळालं. तू एकही गोष्ट लपवली नाहीस. त्यामुळे माझा राग कमी झाला असं म्हणणार नाही. पण रागाला टेकायला जागा राहिली नाही.

मी आता रोज पहाटे वारा वाचायला जाते आणि आकडा खाली आला असेल या आशेने वर चढते. आज थोडा खाली आलाय.

मी येते आहे. तोवर तिच्या हाताला, दंडाला, जिथे टोचतेस तिथे माझ्यासाठी एकदा हात फिरव.

तुझी,
बबडी


१६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही घरी आलो. तुझ्या घरी जे बोलता आलं नाही ते इथून लिहिते. तिथे आपण दोघी फक्त सुया, वेळा आणि जेवणाच्या मोजून वाढायच्या वाट्या यांबद्दलच बोललो, आणि निघताना तू मला पुस्तक बांधल्यासारखी पिशवी बांधून दिलीस.

फिरकीचे गाल परत येताहेत. दिवेवाल्यांनी इंजेक्शन द्यायचं ठरवलं, पण सुई पाहिली की डोळे मिटतात. एवढ्या उंच मचाणावर चढून दिवे टांगणारा माणूस, पण हे नाही जमत. मी देते. पहिल्या दिवशी फार रडले, आता कमी.

मला बेटावर परत जायला हवं. माझ्या जागी येणाऱ्या बाई महिनाअखेरीला येतात, त्यांच्या हाती केंद्र सोपवायचं आहे. पंधरवड्याचं काम. राजीनामा लिहून तसाच निघू नये असं मला वाटतं, आणि नोकरी सोडूच नये असंही वाटतं. पुढच्या वर्षी शहरातल्या केंद्रावर जागा मिळेल, लेकीला घेऊन राहता येईल अशी.

दिवेवाले दौऱ्यावर गेले. शाळेने पंधरवड्याची रजा दिली आहे. फिरकीला तुझ्याकडे ठेवू का?

लगेच लिही.
तुझी,
बबडी


१९ जून

चि. बबडी हिस,
अनेक आशीर्वाद.

नको. माझं मन राखायला म्हणून तर मुळीच नको. मला तिचं येणं हवंसं वाटतं, आणि म्हणूनच माझ्या हो म्हणण्यावर माझा विश्वास नाही. जिने इतके दिवस समोर बसून पाहिलं नाही, तिच्याकडे तू लेक ठेवणार? मी रोज स्वतःला विचारते की मी काळजी करत होते की काळजी करणारी बाई म्हणून मिरवत होते. उत्तर मिळेपर्यंत तू तिला दुसऱ्या कुणाकडे ठेव. डॉक्टरबाई एका प्रशिक्षित बाईंचं नाव देतील.

भाऊजी म्हणतात की मी वेडी आहे. छप्पर मात्र झालं, फक्त दाबयंत्र परत हलवायला अजून माणसं मिळत नाहीत.

तुझी,
ताई


२२ जून

प्रिय मावशी,
स. न.

आईने हे पत्र वाचायचं नाही असं ठरलंय.

मला तुझ्याकडे यायचं आहे. दुसऱ्या बाई नकोत. आईला रडू आलं की तिचा हात हलतो, मग दुखतं. ती म्हणते नाही रडले. बाबा डोळे मिटतात. तुझा हात हलत नाही कारण तू पुस्तकं शिवतेस. तू सांगतेस पण आधी, आता दुखेल. मग दुखतं तेवढंच.

आता मला स्वतःला कळतं. साखर कमी झाली की पाय मऊ लागतात, मग मी सांगते. तू नुसतं ऐकायचं. तुला सगळं बघायची गरज नाही, थोडं मी बघेन.

ढोल्याला सांग टाकी म्हटलं तर चालेल, पण फक्त त्याने.

किल्ला मोडला नाही ना?

तुझी,
फिरकी

ता. क. आईने वाचलं. ती म्हणाली तिला यावर काही जोडायचं नाही.


८ जुलै

चि. बबडी हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या बेटावरच्या शेवटच्या बोटीने तुला मिळेल. केंद्र त्या बाईंच्या हाती देताना तुला काय वाटलं ते ये आणि सांग, लिहू नकोस. दीपगृहवाल्यांना माझा नमस्कार. म्हणावं, मीठ आता बरोबर असतं.

तुझ्या लेकीने आल्या दिवशीच आम्हा सगळ्यांना कामाला लावलं. ढोल्याकडे घड्याळ, भाऊजींकडे वाट्या मोजायचं काम, माझ्याकडे सुई. शेजारच्या मुलांना ती आपल्या बोटाचा थेंब दाखवते आणि ढोल्या त्यांच्याकडून बघायचं भाडं म्हणून गोट्या घेतो. बंद केलं मी ते. नंतर कळलं की गोट्यांची वाटणी तिनेच ठरवली होती.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण तू म्हणतेस तसं करून बघते. आधी काय दिसलं ते मनात म्हणते, कारण थांबवून ठेवते. फार कठीण जातं. भाऊजी छत्री न घेता बाहेर पडले तरी मला त्याचं कारण सापडलेलं असतं.

आता कालची गोष्ट. सकाळी जेवणघरात गेले तर मुंग्या. ओळच्या ओळ. मी हातातलं टाकून फिरकीकडे धावले. ती दात घासत होती. तिला तसंच बसवलं, बोट टोचलं, यंत्र उजेडाकडे धरलं. आकडा अगदी नीट आला. मी पुन्हा टोचणार होते, तर तिने हात मागे घेतला आणि फेसाने भरलेल्या तोंडाने विचारलं की मावशी, ओळ कुठे जातेय ते पाहिलंस का?

पाहिलं नव्हतं. आम्ही दोघी मुंग्यांच्या मागून चालत गेलो. दाबयंत्राखालून, भिंतीच्या कडेने, शेगडीमागे. ढोल्याने तिथे खळीची एक वाटी लपवून ठेवली होती, मोरचूद घालायच्या आधीच पुठ्ठ्याचं गलबत चिकटवायला काढून घेतलेली. या वेळी त्या खरंच खळीलाच आल्या होत्या.

आम्ही तिथेच जमिनीवर बसून हसत सुटलो. भाऊजी आले, त्यांनी बांधणीवाल्याच्या घरातली ती मुंग्यांची फौज पाहिली, आम्हाला पाहिलं आणि काही न विचारता परत गेले. फिरकी म्हणाली थोडा वेळ खाऊ दे त्यांना. मी खाऊ दिलं.

ये लवकर. माया आहे तेवढी पुरतेय, तरी येताना थोडी घेऊन ये.
तुझी,
ताई